करंजाखालचा एकच खड्डा

साहेब, तुम्ही खोटं लिहून दिलंत.

"सदर नकाशा या कार्यालयास प्राप्त झालेला नाही." माझ्या माहितीच्या अर्जाला हे तुमचं उत्तर. खाली तुमची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. मराठी शुद्ध आहे, गोष्ट खोटी आहे. नकाशा तुम्हाला मिळाला होता. तुम्ही तो उघडलाही होता, आणि ज्या दिवशी उघडलात त्याच दिवशी माळवस्तीच्या सेहेचाळीस घरांचं पाणी बंद झालं. कसं, ते सांगतो. त्यात माझाही एक गुन्हा आहे, तोही सांगतो. मी नळ जोडणारा माणूस. पाइप कुठं फुटला हे बघायचं तर ओल धरून मागं मागं खणत जावं लागतं. तसाच जातो.

आमच्या गावचा बाजाररस्ता सव्वा किलोमीटरचा, एसटी स्टँडापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत. दीड वर्षात तो चार वेळा उकरला. पहिल्यांदा पाण्याच्या नव्या पाइपासाठी. बुजवला, डांबर टाकलं, त्यावरून गणपती वाजत गेले, आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मोबाइलच्या केबलवाल्यांनी तोच रस्ता फोडला. मग गटारवाले आले. त्यांच्या जेसीबीनं पाण्याची मेन लाइन तोडली आणि गाव अकरा दिवस टँकरच्या मागं पळालं. ते निस्तरतंय तोवर वीजवाले आपली केबल घेऊन हजर. जो तो म्हणायचा, खाली काय हाय आमाला ठावं न्हवतं. आणि ते खरं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पाणीवाल्याला विजेचं माहीत नाही, विजेवाल्याला गटाराचं माहीत नाही, आणि रस्ता करणाऱ्याला रस्त्याखाली काही असतं हेच माहीत नाही.

तेवढ्यात रस्ता काँक्रीटचा होणार असं ठरलं, आणि प्रियंका मॅडम आल्या. फलटणच्या. कंत्राटावरच्या इंजिनिअर, वय सव्वीस-सत्तावीस, स्कूटीवर पुढं हेल्मेट आणि मागं मोजायची टेप. त्यांनी तुम्हाला सांगितलेलं मी माझ्या कानानं ऐकलंय, कारण तुमच्या केबिनबाहेरच्या बेसिनचा नळ मीच बदलत होतो. त्या म्हणाल्या, "सर, डांबर फोडता येतं. काँक्रीट झालं की खालचं खालीच राहिलं. त्याआधी सगळ्यांनी आपापलं एका कागदावर आणलं पाहिजे. आणि कोण कधी खोदणार तेही एकदाच ठरवलं पाहिजे."

तुम्ही म्हणालात, "घ्या मीटिंग. चहाचं सांगून ठेवा."

मीटिंग झाली. वीजवाल्यांनी नकाशा आणला तो गावात तंबूची टॉकीज होती तेव्हाचा. केबलवाल्याच्या मोबाइलात रेघ होती, ती बरोबर म्हसोबाच्या देवळातून आरपार गेलेली. त्याला विचारलं तर म्हणाला, "जरा इकडंतिकडं व्हतंय." गटारवाल्यांकडं अंदाजपत्रक होतं, नकाशा नव्हता. मग मॅडमनी विचारलं, पाण्याचा नकाशा कुठंय? तुमच्या क्लार्कनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं.

"आमचा नकाशा ह्यो काय, चहा प्यायला लागलाय."

कोपऱ्यात आकारामतात्या बसले होते. अठ्ठावीस वर्षं गावाचं पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. बशीतला चहा संपवून ते शांतपणे म्हणाले, "कुठलं पायजे बोला. तोंडपाठ हाय."

खरंच होतं. कुठल्या आळीचा व्हॉल्व्ह कुठं, हे तात्यांनी पावलांत मोजून ठेवलं होतं. शिंप्याच्या उंबऱ्यापासून सतरा पावलं, मग उजवीकडं चार. शाळेच्या फाटकापासून चोवीस. कागद कधी केला नाही, कारण कधी कुणी मागितला नाही. आणि खरं बोलायचं तर, कागद नव्हता म्हणून तात्यांना किंमत होती. ते रजेवर गेले की गाव तहानेलं राहायचं. ही किंमत कुणाला सोडवत नाही, साहेब. तुम्हालाही सोडवत नसंल.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही तिघं रस्त्यावर. मॅडमच्या हातात जीपीएसची काठी, माझ्या हातात पहार, पुढं तात्या पावलं मोजत. शिंप्याच्या उंबऱ्यापासून सतरा, उजवीकडं चार. मी खणलं. चार फूट खाली गेलो, व्हॉल्व्ह नाही. शाळेच्या फाटकापासून चोवीस. तिथंही नाही. तिसरा खड्डा दवाखान्यासमोर. नुसता मुरूम. एव्हाना माणसं जमली होती.

"तात्या, व्हॉल्व्हला पाय फुटलं का काय?"

"आरं, माहेराला गेला आसंल!"

तात्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि समोर आलेला चहा न घेता घरी निघून गेले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना चहा सोडून जाताना बघितलं.

मॅडम गेल्या नाहीत. त्यांनी मला खड्डे पुढं वाढवायला लावले. शिंप्याकडं व्हॉल्व्ह सापडला तो सात फूट पुढं. शाळेपाशी दहा फूट पुढं. त्यांनी काठीला टेकून वहीत काहीतरी भागाकार केला. सकाळी तात्या आले तसं त्यांनी विचारलं, "तात्या, ही पावलं तुम्ही कधी मोजली?"

"नोकरीला लागलो तवा."

"तेव्हा वय?"

"आसंल एकोनतीस."

"गुडघा कधीपासून दुखतोय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मुंडी हलवली, मी काही सांगितलं नव्हतं.

"चोविसाला दहा फूट, सतराला सात," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे एका पावलाला पाच इंच. पाइप जागेवरच आहेत, तात्या. तुमची पावलं म्हातारी झाली."

तात्या एवढ्या मोठ्यानं हसले की शिंपी दुकानातून बाहेर आला. "म्हंजी मानूस आखूड व्हतो म्हना की, म्याडम! आन् ह्यो अर्जुना म्हनतोय, तात्या इसरलं."

"मी कवा म्हनलो?" मी म्हणालो.

"तोंडावर दिसत हुतं तुझ्या."

त्या दिवसापासून प्रत्येक पावलाला पाच इंच धरले आणि एकही खड्डा वाया गेला नाही. एकोणीस दिवस लागले. विजेच्या आणि फोनच्या केबलीही उघड्या करून धरल्या, गटाराची खोली मोजली. एकशे शहाऐंशी ठिकाणं कागदावर आली. मग आम्ही मोरीजवळच्या करंजापाशी पोचलो, आणि तात्यांनी पाय उचलला.

"हितं काय न्हाई. चला."

तात्यांकडं एक सळई असायची. एक टोक जमिनीवर, दुसरं कानाला, की खालून पाणी वाहतंय का ते कळतं. मॅडम एव्हाना ती वापरायला शिकल्या होत्या. त्यांनी ती करंजाच्या बुंध्यापासून हातभर लांब टेकवली.

"तात्या, मोरीच्या पुढं आपली लाइन नाही ना?"

"न्हाई."

"मग पाणी कुठं चाललंय?"

"झाडाची मुळं पेत असत्याली."

"एवढ्यांदा?"

तात्या वर बघायला लागले. मी पहारीकडं बघायला लागलो. मॅडमनी पुढं विचारलं नाही. वही मिटली, म्हणाल्या, "उद्या सांगा. नाही सांगितलं तरी चालेल. पण नवं गटार इथूनच जाणार आहे, सहा फूट खोल. खाली काही असलं तर ते तुटणार, आणि वर काँक्रीट पडणार."

आता माझा गुन्हा.

मोरीच्या पलीकडं माळवस्ती. मेंढरं विकून तिथं स्थिरावलेली धनगरांची घरं आणि ओढ्याच्या अंगाला बौद्धांची, मिळून सेहेचाळीस. गावाची हद्द मोरीवर संपते. अलीकडं नळ, पलीकडं आटलेली विहीर. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांनी यायचा. वस्तीनं तुमच्या खुर्चीत तेव्हा जे बसले होते त्यांना तीन अर्ज दिले. तिन्हींवर एकच उत्तर, हद्दीबाहेर. मग एक दिवस तात्या माझ्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, "अर्जुना, करंजाखाली टी टाकायला किती येळ लागंल?" टी म्हणजे पाइपातून फाटा काढायचा जोड. मी म्हणालो, दोन तास. आम्ही ती भर दुपारी टाकली, कारण दोन ते चार तुमच्या ऑफिसात कुणी नसतं. काळा पाइप मोरीच्या पोटातून पलीकडं नेला. टी मी जोडली, माती तात्यांनी ओढली. रोज सकाळी अकराला पाऊण तास पाणी. सहा वर्षं. गावातल्या कुणाचं एक कळशी पाणी कमी झालं नाही, कारण तात्या तेवढा वेळ टाकी आधी उघडायचे. बेकायदा होतं. होतंच. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. तानुआक्काच्या अंगणात बसलो. तानुबाई म्हणजे वस्तीचं वडीलधारं माणूस. जन्म मेंढरांमागं कोकणच्या वाटेवर गेला, आता गुडघे धरून दारात बसते. तात्यांनी सगळं सांगितलं.

"सांगितलं तर चोरीचं म्हून तोडत्याली," तात्या म्हणाले. "न्हाई सांगितलं तर गटार खनताना तुटंल. आन् परत जोडायला वाट न्हाई."

"मग सांगून टाक की," आक्का म्हणाली.

"आक्का, नकाशात आलं की सायबाच्या डोळ्यावर आलं."

"येऊ दे. जल्मभर हिंडलो, कुठल्या कागदावर न्हवतो. घर बांदलं तरी न्हाई. ह्या रेशनच्या कागदावर नाव चढवाया सात वर्सं गेली. आता ह्यो पाइपबी कागदावर न्हाई, म्हून पितो त्ये पानीबी चोराचं. नातीला काय सांगू? पी, पर बोलू नगंस?" मग माझ्याकडं वळून, "तुला काय वाटतंय रं, टी टाकनाऱ्या?"

मी म्हणालो, सांगावं.

हे मी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की अर्जुना नामानिराळा राहिला. सांगा म्हणणारा मीच. मला मॅडमचा हिशेब पटला होता. जे दिसतं ते वाचतं. खालचं सगळं एकदा सगळ्यांना दिसलं की कोण कुणाचं तोडणार?

सकाळी तात्यांनी मॅडमना करंजाखाली नेलं आणि सांगितलं. मॅडमनी वही उघडली. मग म्हणाल्या, "मी हे दाखवते. पण आधी लिहून घेते." आणि त्यांनी खरंच घेतलं. पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात ठराव आहे, साहेब: सर्वेक्षणात स्वतःहून दाखवलेल्या कोणत्याही जोडणीवर कारवाई करू नये, ती नियमित करण्याचा प्रस्ताव पाठवावा. खाली तुमची सही. तीच, लांब शेपटीची.

नकाशा पूर्ण झाला. दोनशे चौदा ठिकाणं. पाणी निळ्या रेघेत, वीज लाल, फोन हिरवा, गटार तपकिरी. करंजापासून वस्तीकडं जाणारी रेघ तेवढी मॅडमनी तुटक काढली, निळी तुटक. अख्ख्या नकाशात तुटक रेघ ती एकच. शेजारी क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. पाच कचेऱ्यांना तो कॉम्प्युटरवरून गेला, वर छापील प्रत गेली. तुमच्या आवकच्या रजिस्टरात नोंद आहे, मी डोळ्यांनी बघितली आहे. सोबत कामाचा क्रमही होता. आधी गटार, मग पाणी, मग केबली, शेवटी काँक्रीट. एकदाच खोदायचं आणि एकदाच बुजवायचं.

आणि काम सुरू झालं ते स्टँडाकडून काँक्रीटनं.

का, तर ठेकेदाराची मशीन मोकळी होती. मागून कडेकडेनं गटाराची चर आली. पहिल्या दिवशी मेन लाइन फुटली, ठिकाण क्रमांक नऊ. तिसऱ्या दिवशी विजेची केबल, ठिकाण बावीस. पंधरा दिवसांत सात ठिकाणी तोडलं, आणि सातही ठिकाणं नकाशावर खुणेसकट होती. मॅडम उन्हात नकाशाची गुंडाळी घेऊन जेसीबीच्या पुढं उभ्या राहायच्या. जेसीबीवर यल्लाप्पा होता, जतकडचा. माणूस सरळ.

"मॅडम, मला कागद दिला नाहीत की ओ कुणी," तो म्हणायचा. "मला फक्की मारून दिली, त्या पांढऱ्या रेघेवरून मी जातोय. तुमची रेघ निळी हाय म्हणं, ती मला वरून दिसतीय काय?"

बरोबरच होतं त्याचं. मॅडम तुमच्याकडं आल्या. तुम्ही त्यांना कामात अडथळा आणल्याचं पत्र दिलंत. शिंप्यासमोरचा व्हॉल्व्ह, जो आम्ही तात्यांची पावलं लांबवून शोधला, तो आता आठ इंच काँक्रीटखाली आहे. शाळेपुढचाही. लोक म्हणाले, नकाशा बघितलाच नसंल. मीही म्हणालो. मनात म्हणालो, आळशी आहेत, दुसरं काय. आळशाला माफ करता येतं, साहेब. मी तुम्हाला आळशी समजलो, ही माझी दुसरी चूक.

गुरुवारी मी मोरीपाशी गेलो. गटाराची चर अजून पाचशे फूट लांब होती. पण करंजाखाली एक खड्डा होता. तीन फूट बाय तीन फूट, कडा सरळ, चार फूट खोल. बरोबर टीवर. काळा पाइप कापून टोकाला बूच मारलेलं होतं. आजूबाजूला दुसरा खड्डा नाही, चाचपून बघितल्याची खूण नाही, पहारीचा एक टोचा नाही.

सव्वा किलोमीटरच्या रस्त्यात तुम्हाला आठ इंची मेन लाइन सापडली नाही. खुणेची सात ठिकाणं सापडली नाहीत. आणि माझा दोन इंची पाइप, सहा वर्षं गवताखाली गेलेला, पहिल्याच खड्ड्यात सापडला.

यल्लाप्पा जेसीबीच्या सावलीत बसला होता. मी त्याला विचारलं, हे कुणी दाखवलं?

"मुकादमानं. मोबाइलात बघून बोट दाखवलं, हितं घाल म्हणून. मी म्हणालो, फक्की मारलेली नाही की ओ. तर म्हणाला, गरज नाही, नकाशा हाय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "रेघ बघितली मी. तुटक हुती. वस्तीचं हाय काय ते?"

मी हो म्हणालो. त्यानं तोंड फिरवलं. नंतर कळलं की दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही.

शुक्रवारी तात्यांना निलंबनाचा कागद मिळाला, अनधिकृत जोडणी दिल्याबद्दल. त्यात करंजाखालच्या टीचं ठिकाण लिहिलं आहे, अक्षांश-रेखांशासह, दशांश चिन्हाच्या पुढं सहा आकडे. तुमच्या कचेरीत अक्षांश मोजायची काठी नाही. गावात ती एकच होती, मॅडमची. महिनाअखेर मॅडमचं कंत्राटही संपलं, पुढं वाढवलं नाही. जाताना त्या वस्तीवर आल्या होत्या. आक्कापुढं उभ्या राहून नकाशाची गुंडाळी उलगडत होत्या, परत गुंडाळत होत्या.

"बस बाय," आक्का म्हणाली. "तू लिवलंस त्ये खोटं न्हवतं. मी इचारते त्ये एवढंच, नकाशात आलो म्हनं आमी. मग पानी कुठं गेलं?"

परतताना तात्या माझ्याशेजारी चालत होते. मी म्हणालो, तात्या, मी सांगा म्हणायला नको होतं. तुमच्या डोक्यात होतं तोवर कुणाला बाधत नव्हतं.

"माझ्या डोक्यात हुतं तवा माझ्या गुडघ्यासंगं सरकत बी हुतं," तात्या म्हणाले. "मी मेलो आस्तो तर गावाला अंधारात खनाय लागलं आसतं. न्हाई गड्या. नकाशा चुकीचा न्हाई. नकाशा लय बरोबर हुता, म्हून तर एका खड्ड्यात गावला." मग दहाएक पावलं पुढं गेल्यावर म्हणाले, "त्यो कुनाच्या हातात पडला, ते आमी मोजलं न्हाई."

मी यावर बरेच दिवस विचार केला. तात्यांचं खरं आहे, आणि तरी मी म्हणतो नकाशा पाहिजेच. जे सहा फूट खाली आहे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. फक्त तुम्हाला नाही, सगळ्यांना. म्हणून मॅडमनी ठेवलेल्या प्रतीवरून मी चार प्रती काढल्या आणि तात्यांनी लाल रंगाचा डबा आणला. आता बाजाररस्त्याच्या प्रत्येक भिंतीवर खूण आहे: इथून किती फूट, किती खोल, पाणी की वीज. पावलं नाही, फूट. एक प्रत स्टँडवरच्या चहाच्या टपरीत टांगली आहे. येणारा-जाणारा बघतो. पोरी शाळेतून येताना आपल्या घराखालून काय जातं ते शोधतात. तुटक रेघही तशीच ठेवली आहे. वस्ती मोरीवरून कळश्या आणते आहे, तेही बघा कधी.

मी माहिती मागवली, तुम्ही उत्तर दिलंत, नकाशा मिळाला नाही म्हणून. ठीक. धरून चालू की मिळाला नाही. मग करंजाखालचा तो खड्डा कशावरून घातला, ते सांगा. आणि मिळाला असेल, तर एकशे सत्त्याऐंशी नंबर वाचणाऱ्या माणसाला नऊ नंबर का दिसला नाही, ते सांगा. दोन्हीतलं एक खरं असणार. तुम्ही ज्या ठरावावर सही केलीत, तो आमच्याकडं आहे. कोणी उघडला नकाशा, कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून? मोघम नको, नाव पाहिजे. तोंडी नको, लेखी पाहिजे.

आणि ते मला पाठवू नका. माळवस्ती, मोरीच्या पलीकडं, तानुबाईच्या नावानं पाठवा. पत्ता सापडत नसेल तर नकाशात बघा. उत्तर द्या, साहेब.